कितवीला आहेस?

लिफ्टमध्ये लहान मुलांशी काय बोलावं, हे मोठ्या माणसांना सुचत नाही. दुसरा मजला जाईपर्यंत शांतता सोसते. मग ती सोसवेनाशी होते आणि ठरलेला प्रश्न येतो, "काय गं, कितवीला आहेस?"

थोरलीला आम्ही शाळेतून काढलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्यानंतर हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, मी दारावरच्या आकड्यांकडे पाहिलं, आणि ती शांतपणे म्हणाली, "मी कशातच नाही."

"अगं, म्हणजे?"

"म्हणजे घरीच असते."

दार उघडलं. काकू उतरल्या. उतरताना त्यांनी मागे वळून माझ्याकडे एकदाच पाहिलं. काही बोलल्या नाहीत, पण ती नजर मी पुढे कितीतरी दिवस वागवत होते. माणसं ज्या नजरेनं आजारी शेजाऱ्याच्या बंद दाराकडे बघतात, तशी काहीशी होती ती.

'कितवा' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. इंग्रजीत हा प्रश्न एका शब्दात विचारता येत नाही, वळसा घालावा लागतो. आपल्याकडे मात्र तो हाताशी तयार. कितवी इयत्ता, कितवा नंबर, कितवं बाळ. मूल पोटात असतं तेव्हाही पहिला प्रश्न हाच, "कितवा महिना?" आधी समोरच्याला रांगेत उभं करायचं आणि मग जागा विचारायची. विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं. मीही आयुष्यभर विचारत आले होते.

शाळेतून का काढलं, त्याची लांबण इथे लावत नाही. ती रोज रात्री पोट दुखतंय म्हणायची आणि सुट्टीच्या आदल्या रात्री तिचं पोट कधीच दुखलं नाही, इतकं पुरे. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा होता, तो शाळेत गेलाच नाही. आता थोरली तेरा वर्षांची आहे आणि धाकटा दहाचा.

रांगेतून बाहेर पडलो की 'कितवा' हा प्रश्नच निकालात निघेल, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. मी वाचतही होते तसंच. वयाप्रमाणे मुलांच्या इयत्ता पाडणं ही काही अनादि काळापासूनची रीत नाही. बॉस्टनमधल्या क्विन्सी शाळेत प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली आणि वेगळी शिक्षिका अशी रचना आली ती १८४० च्या दशकात. त्याआधी तिकडच्या बहुतेक शाळांमध्ये लहानमोठी मुलं एकाच खोलीत बसत. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला अमुक आलंच पाहिजे आणि आठव्या वर्षी तमुक, हा जो कायदा मी देवाघरून आलेला समजत होते, तो जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा निघाला. मला फार हलकं वाटलं. नवऱ्याला हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "हो, कळलं, क्विन्सी."

आणि मग झालं काय, तर मी पूर्वीपेक्षा जास्त तुलना करू लागले.

शाळेत जाणाऱ्या मुलांशी नव्हे. त्यांचं सोपं होतं, "त्यांची वाट वेगळी" म्हटलं की प्रश्न मिटायचा. मला छळायची ती आमच्यासारखीच, घरी शिकणारी मुलं. घरीच शिकवणाऱ्या पालकांच्या एका ग्रुपवर मी होते. तिथे कुणाच्या सहा वर्षांच्या मुलीला मूळ संख्यांचं वेड लागलेलं असायचं. कुणाचा मुलगा भिंगं आणि पुठ्ठ्याची नळी घेऊन घरी दुर्बीण करायचा. एक आई सकाळी सातला मुलांना घेऊन पक्षी बघायला जायची आणि नऊला फोटो टाकायची. फोटोत मुलांचे केस विंचरलेले असायचे. मला त्या पक्ष्यांचं काही नव्हतं, पण केस विंचरलेले? सकाळी सातला? आमच्याकडे त्या वेळी धाकटा जमिनीवर पालथा पडून पलंगाखाली गेलेला मोजा काठीनं ओढत असे आणि थोरली अंघोळीला जायचं की नाही यावर वाद घालत असे.

थोरली शाळेत होती तेव्हा मी इतकी कासावीस नव्हते. हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही.

पुढे लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. सामाजिक तुलनेचा सिद्धांत त्यानं १९५४ मध्ये मांडला. त्यातल्या दोन गोष्टी मला थेट लागल्या. एक, आपण कुठे आहोत हे मोजायला वस्तुनिष्ठ माप हाताशी नसलं, की माणूस इतर माणसांकडे पाहून स्वतःला मोजतो. आणि दोन, तो कुणाकडेही पाहत नाही, आपल्यासारख्यांकडेच पाहतो. म्हणजे माझं कोडं सुटलंच की! शाळेनं एक पट्टी दिली होती. पट्टी वाईट असेल, पण होती. वर्षातून चार वेळा कागद यायचा, त्यावर काहीतरी लिहिलेलं असायचं, ते वाचून मी तीन महिने निर्धास्त व्हायचे. ती पट्टी मी मोठ्या तोऱ्यात मोडून टाकली आणि मग दर सकाळी शेजारच्या घरात वाकून बघू लागले, की अहो, तुमचं मूल किती लांबीचं झालं?

हे कळलं म्हणून थांबलं का? छे. कळणं आणि थांबणं यांच्यात धाकट्याचं वाचन आडवं आलं.

थोरली पाचव्या वर्षी वाचायला लागली होती. कुणी शिकवलं, कधी शिकवलं, काही आठवत नाही, पाटी दिसली की वाचायची. धाकटा सहाचा झाला, सातचा झाला. गोष्टी ऐकायचं त्याला वेड. त्याचे बाबा रात्री वाचून दाखवायचे, आणि झोपेच्या नादात त्यांनी एखादं पान गाळलं तर हा डोळे मिटलेल्या अवस्थेतही म्हणायचा, "बाबा, मधलं राहिलं." पण अक्षरांकडे बघायचा तो भिंतीवरच्या डागाकडे बघावं तसा. आठ पूर्ण झाले. मी रोज काहीतरी युक्ती करायचे. अक्षरांची कार्डं, घरभर चिकटवलेली नावं. 'दार', 'आरसा', 'नळ'. आमच्या बाथरूममधल्या नळावर अजून त्या चिकटपट्टीचा डाग आहे.

सासूबाईंना मी एकदा काळजी बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, याचा बाप सात वर्षांचा होईपर्यंत बूट उलटे घालायचा." मला धीर यायला हवा होता. पण माझ्या डोक्यात गणित सुरू झालं. तो सातला सुलटा झाला, हा आठ पूर्ण करून बसलाय.

मग ते घडलं. नणंद राहायला आली होती. तिची मुलगी धाकट्यापेक्षा वर्षानं लहान. ती सगळ्यांसमोर एक गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचत होती, हावभावांसकट. सगळे कौतुकानं ऐकत होते, धाकटाही. त्याला खरोखर मजा येत होती, हे मला आज आठवतं, तेव्हा दिसलं नव्हतं. ती थांबली आणि मी (कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं) पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तूही वाच ना जरा."

त्यानं पुस्तक घेतलं. पानाकडे बघितलं. मग चित्राकडे बघून गोष्ट सांगू लागला. आत्ताच ऐकलेली असल्यामुळे जवळजवळ बरोबर सांगत होता. बोट मात्र ओळींवरून भलतीकडेच फिरत होतं. भाचीनं ते पाहिलं आणि ती आईकडे बघू लागली. मोठी माणसं एकदम पंख्याकडे वगैरे बघायला लागली. दीड पान झाल्यावर त्यानं पुस्तक मिटलं, "मला शू लागलीय" म्हणाला आणि गेला तो बराच वेळ आला नाही.

रात्री अंथरुणात त्यानं विचारलं, "आई, तुला लाज वाटली का?"

मी "नाही रे राजा" म्हटलं. ते खोटं होतं आणि ते त्याला कळलं.

त्यानंतरच्या दिवसांत मी पुन्हा वाचनाकडे वळले. अडचण आली की मी अभ्यास उपसते, हा माझा जुना रोग. न्यूझीलंडमधला एक अभ्यास सापडला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली मुलं आणि सातव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं, दोन्ही अकराव्या वर्षाच्या आसपास वाचनाच्या वेगात एकसारखीच होती. उशिरा शिकलेल्यांचं आकलन थोडं सरसच होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतली बाळं पाहून काढलेले आकडेही वाचले. निरोगी बाळ आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने. केवढी मोठी खिडकी! नऊ महिन्यांहून जास्त. आणि त्यातली ४.३ टक्के बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तो टप्पाच गाळून सरळ पुढे गेली. आज रस्त्यानं चालणाऱ्या माणसांकडे बघून कोण आठव्या महिन्यात चाललं आणि कोण सतराव्या, हे ओळखून दाखवावं कुणी.

हे सगळं खरं आहे आणि त्यानं मला आधारही दिला. पण माझी लबाडी अशी की, मी लगेच ते आकडे घेऊन पुन्हा मोजायला बसले. सातव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं अकराव्या वर्षी बरोबरीला येतात. हा नवव्यात आहे आणि सुरुवातही नाही, मग हा कितव्या वर्षी येणार? खिडकी रुंद आहे हे वाचून निवांत व्हायचं सोडून मी तिच्या चौकटीवर बोट ठेवून उभी राहिले.

इथे एक सांगायलाच हवं, नाहीतर हा लेख फसवा होईल. तुलना सोडा म्हणजे डोळे मिटा असं नाही. आम्ही धाकट्याचे डोळे तपासले, कान तपासले, वाचनातल्या अडचणी ओळखणाऱ्या तज्ज्ञांकडेही त्याला नेलं. यमकं जुळवता न येणं, शब्दातले आवाज सुटे न करता येणं, अशी लक्षणं असतात, आणि ती असतील तर "येईल आपोआप" म्हणत वर्षं घालवणं हा मुलावर अन्याय आहे. तपासायला दुसऱ्या मुलांशी ताडून बघावंच लागतं, त्याशिवाय तपासणार कसं? आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्याबरोबर १९०५ मध्ये बुद्धिमत्तेची पहिली मोजणी केली, ती शाळेत ज्यांना जास्त मदत लागेल अशी मुलं ओळखण्यासाठी. मदत कुणाला हवी, एवढाच प्रश्न होता. त्याचा एक आकडा होऊन लोक तो कपाळावर चिकटवू लागले ते नंतर. धाकट्याच्या तपासण्यांतून काही निघालं नाही. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, वाचून दाखवत राहा, सहा महिन्यांनी या. त्या दिवशी मोजमापाचं काम खरं तर संपलं होतं. मीच ते रोज रात्री पुन्हा काढून बसायचे.

आता रजिस्टरबद्दल.

सुरुवातीपासून मी एक जाड रजिस्टर ठेवत होते. तारीख, विषय, काय केलं, किती वेळ. पुढेमागे कुणी विचारलं तर दाखवायला हवं म्हणून, असं मी म्हणायचे. कुणीही कधी विचारलं नाही. घरी शिकवणाऱ्या मंडळींत एक वाक्य फार लाडकं आहे, रोजच्या जगण्यातूनच शिक्षण होतं. मला ते पटायचं आणि मी ते अंमलात आणायचे असं. मोजे जुळवले, तर रजिस्टरमध्ये 'वर्गीकरण, जोड्या, २० मि.' गळका नळ दुरुस्त करताना धाकटा पान्हा धरून उभा राहिला, 'यंत्रे, स्क्रूचे आटे'. आजोबांना पत्र, 'लेखन'. पावसात भिजून आले, 'जलचक्र'. जलचक्र! दोघं चिखलानं माखून दारात उभी होती, दात वाजत होते आणि हसू थांबत नव्हतं. मी त्यांना पंच्यानं पुसता पुसता मनात मथळा शोधत होते.

त्या रजिस्टरमध्ये आमच्या घरातला एकही क्षण नुसता राहिला नाही. प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या विषयाच्या खात्यात जमा व्हावं लागलं. शाळा सोडून तीन वर्षं झाली होती आणि घरातली सर्वात कडक शाळा मी त्या वहीत चालवत होते.

हे माझ्या ध्यानात आणून दिलं ते धाकट्यानं, नखं कापताना.

नखं कापणं हे आमच्याकडे रविवार सकाळचं काम. गॅलरीत ऊन येतं तिथे वर्तमानपत्र पसरायचं, त्यानं समोर मांडी घालून बसायचं आणि हात माझ्या गुडघ्यावर ठेवायचा. उजवा हात आधी, कारण डाव्या हाताच्या करंगळीला त्याला गुदगुल्या होतात आणि ते संकट तो शेवटी ठेवतो. त्या दिवशी दुसरं की तिसरं बोट चालू होतं. त्यानं विचारलं, "आई, नख कापलं तर दुखत का नाही?"

झालं. माझे कान टवकारले. मी नेलकटर हातात तसंच धरून सुरू झाले. की नख केराटिनचं असतं, केसही त्याचेच. बाहेर दिसतं त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून दुखत नाही. जिवंत भाग असतो आत, मुळाशी. आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याहून पुष्कळ हळू, तर मग तू सांग, वर्षात हाताचं नख किती...

तो म्हणाला, "आई, फक्त काप ना."

चिडून नाही. अगदी मऊ आवाजात, आपण एखाद्या दमलेल्या माणसाला "बस ना जरा" म्हणतो तसं. हात माझ्या गुडघ्यावर तसाच होता.

मी कापू लागले. बाकी काही झालं नाही. ऊन होतं, खालून कुणाच्या तरी स्कूटरला किक मारण्याचा आवाज येत होता, ती काही सुरू होत नव्हती. त्याच्या अंगठ्याजवळ पेनाची निळी रेघ होती. मधल्या बोटाच्या नखावर एक छोटासा पांढरा ठिपका होता. डाव्या करंगळीला पोचलो तेव्हा तो आधीच हसायला लागला, मी अजून हातही लावला नव्हता. नखांचे तुकडे वर्तमानपत्रावर पडत होते आणि तो त्यांचे चंद्र मांडत होता. रजिस्टरमध्ये त्या रविवारी मी काही लिहिलं नाही. खगोलशास्त्र, असं लिहायचा मोह झाला होता, हे कबूल करते.

त्यानंतर वही मी एकदम बंद केली, असं काही नाटक झालं नाही. दोन दिवस लिहायचं राहिलं, मग आठवडा राहिलं, मग ती इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाखाली गेली. काही महिन्यांनी सापडली तेव्हा मी उगीच चाळली. किती मेहनत केली होती मी! आणि त्यातल्या निम्म्याअधिक नोंदींपुढे कुठलाही प्रसंग डोळ्यांसमोर येईना. 'अपूर्णांक, ४० मि.' असेल बाई. थोरलीला विचारलं, तुला काय आठवतंय त्या वर्षातलं? ती म्हणाली, दिवे गेले होते आणि आपण भिंतीवर हातांच्या सावल्या केल्या होत्या, आणि बाबांना हत्ती काही केल्या जमत नव्हता, आणि तू हसताना खुर्चीवरून पडलीस. मी ती तारीख शोधली. त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वीज नाही. विशेष काही नाही.'

लोक सल्ला देतात की, दुसऱ्याशी तुलना करू नका, स्वतःचीच कालच्या स्वतःशी करा. ऐकायला बरं वाटतं. मी ते करून पाहिलं, मुलांच्या बाबतीतही. फार काही बदलत नाही. थोरलीनं मागच्या महिन्यात दर आठवड्याला एक चित्र काढलं आणि या महिन्यात एकही नाही, की मी लगेच तिच्या दारात. "चित्रं थांबली का गं?" तिनं एकदा सरळ विचारलं, "आई, मी आधीच्या मीपेक्षा मागे पडले का?" कालची ती सुद्धा शेवटी दुसरी मुलगीच की, आणि तिच्याशी शर्यत लावून देणारी मीच. त्या सल्ल्यात पट्टी बदलते, मोजणारा हात तसाच राहतो.

माझा हात अजूनही शिवशिवतो. खोटं कशाला सांगू. तो शिवशिवला की मला हल्ली निदान कळतं, आणि कळलं की मी जवळच्या एखाद्या कामात तो गुंतवते. कपड्यांच्या घड्या घालते. थोरलीच्या केसांतला गुंता काढते. ती पुस्तक वाचत असते आणि मी मागे बसून एकेक बट सोडवत असते. अर्धा अर्धा तास आम्ही एकमेकींशी बोलत नाही. या अर्ध्या तासाला काय म्हणायचं, मला खरंच माहीत नाही, आणि हल्ली शोधतही नाही.

धाकटा वाचायला लागला तो नऊ वर्षं आणि काही महिन्यांचा असताना. नवीन कपाट आलं होतं, भल्या मोठ्या खोक्यात. नवरा ते खोकं ढकलत आत आणत होता, मी दार धरून उभी होते. धाकटा मागून म्हणाला, "बाबा, उलटं आहे."

"काय उलटं?"

"हे बघ ना. 'ही बाजू वर'. आणि ती खाली आहे."

आम्ही दोघंही त्या खोक्याकडे बघत राहिलो. शेजारी बाण वगैरे होता, त्यामुळे नवरा म्हणाला, "बाणावरून ओळखलंस का रे?" तो म्हणाला, "बाण कशाला? लिहिलंय." आणि मग खालची ओळही वाचली, थोडा अडखळत, "ओ-ल्या जागी ठे-वू नये." आणि कपाटाच्या आत आधी कोण शिरून बसणार, या वादात पळाला. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

मी काय केलं? मी फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं. लिहिलं आणि पाठवलं. नखांच्या त्या रविवारला वर्ष होत आलं होतं, वही ढिगाखाली गेली होती, फेस्टिंजर पाठ झाला होता, आणि तरीही मी पाठवलं. पाच मिनिटांत अभिनंदनांची रांग लागली. अंगठे, फुलं, टाळ्या. छान वाटलं, फार छान वाटलं.

रात्री एका आईचा वेगळा मेसेज आला. आमची तशी ओळख नव्हती. तिनं लिहिलं होतं, माझा दहा पूर्ण झालाय, अजून नाही वाचत. तुमचं वाचून आनंद झाला. मग थोडी जागा सोडून, आज मी त्याच्यावर ओरडले.

मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. सकाळचे ते विंचरलेले केस आठवले. त्या पक्षी बघणाऱ्या आईनं तो फोटो काढायच्या आधी घरात काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता. कदाचित तिलाही कुणाच्या तरी कशानं तरी रात्री झोप लागत नसेल. मी त्या बाईला उत्तर लिहायला घेतलं. न्यूझीलंडचा अभ्यास लिहिला, तपासण्यांबद्दल लिहिलं, चालणाऱ्या बाळांचे आकडे लिहिले. वाचून पाहिलं. तपासण्यांचं तेवढं ठेवलं, बाकी पुसलं. मग तिला धाकट्याच्या हातात पुस्तक दिल्याची गोष्ट लिहिली, नणंदेच्या मुलीसमोरची. पंख्याकडे बघणाऱ्या माणसांसकट. ही गोष्ट मी तोवर नवऱ्यालासुद्धा नीट सांगितली नव्हती. 'तुला लाज वाटली का' हेही लिहिलं.

तिचं उत्तर सकाळी आलं. "त्याची नखं वाढलीत, कापायला बसवते," असं काहीसं शेवटी होतं. नखांचं मी तिला काहीच लिहिलं नव्हतं.

धाकटा आता स्वतःची नखं स्वतः कापतो. उजव्या हाताची वेडीवाकडी कापली जातात, पण मला हात लावू देत नाही. रविवारी गॅलरीतलं ऊन येतं तसं येतं. मी तिथे वर्तमानपत्र घेऊन बसते आणि एखाद्या वेळी ते खरंच वाचते.

परवा आम्ही दोघं लिफ्टमध्ये होतो. दोन्ही हातांत पिशव्या. तळमजल्यावर एक गृहस्थ शिरले, पांढऱ्या मिशा, मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी धाकट्याकडे पाहून हसत विचारलं, "कितवा?"

माझी पाठ ताठ झाली. पाच वर्षांची सवय. मी सुरू झाले, "अहो, तो शाळेत नाही जात. आम्ही घरीच शिकवतो दोघांना. म्हणजे वयाप्रमाणे बघायला गेलं तर तो..."

ते गोंधळून माझ्याकडे बघत होते. त्यांचं बोट बटणांच्या समोर हवेत थांबलेलं होतं.

"चौथा," धाकटा म्हणाला. "आणि काका, जरा जोरात दाबा, ते बटण अडकतं."